मुरमावरची शिराझ

भूपालअण्णा मगदुमांच्या दोन एकर मुरमाला आयुष्यात एकदाच कुणीतरी चांगलं म्हटलं, आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

एरवी त्या तुकड्याचं नाव निघालं की गाव नाक मुरडायचं. पेठ वडगावच्या बाजूचं गाव, चहूकडं ऊस. ज्याच्या रानात ऊस उभा राहत नाही त्याला लग्नाच्या पंगतीत जिलबीसुद्धा मोजून वाढतात. मगदुमांचं खालचं काळं रान धाकट्या अभिनंदनकडं होतं आणि माळाला टेकलेला मुरूम थोरल्याकडं, कारण थोरल्यानं समजूतदार असावं अशी वडिलांची अपेक्षा होती. अण्णा समजूतदार होते. चाळीस वर्षं त्यांनी त्या मुरमातून भुईमूग काढला. खरं म्हणजे भुईमुगानं त्यांना काढलं.

मग दोन हजार चारच्या सुमारास ते सांगलीला द्राक्षांच्या एका मेळाव्याला गेले. जेवण चांगलं असतं असं कळलं होतं. तिथं एक परदेशात शिकून आलेले गृहस्थ सांगत होते, ‘‘वेलीला सुख लागलं की ती नुसती पानं वाढवते. तिला त्रास झाला, तहान लागली, मुळाला दगड टोचला, की ती मण्यात जीव ओतते. उत्तम वाइन हवी असेल तर जमीन दरिद्री पाहिजे.’’

अण्णा मागच्या खुर्चीवरनं उभे राहिले. ‘‘मुरूम चालंल?’’

‘‘मुरूम?’’ गृहस्थांचे डोळे चमकले. ‘‘मुरूम म्हणजे सोनं!’’

पंचवीस स्थळांनी नाकारलेली लेक कलेक्टरनं पसंत करावी आणि बापानं ते ऐकून घरी यावं, तसे अण्णा घरी आले. जेवणात काय होतं हे बायकोनं, विजयमालावैनींनी, विचारलं तर त्यांना आठवेना.

आता अण्णा कांदासुद्धा खात नव्हते. सूर्य मावळला की पाण्याचा थेंब घेत नव्हते. अशा माणसानं दारूची द्राक्षं लावायची म्हटल्यावर जैन गल्लीत जे व्हायचं ते झालं. ‘‘मी द्राक्षं पिकवतो,’’ अण्णा म्हणायचे. ‘‘कंपनीत गेल्यावर ती काय करत्यात ते मी विचारायला जात न्हाय. पोरगं पुण्याला गेल्यावर तरी आपण कुठं विचारतो?’’ अभिनंदन मंदिराच्या कमिटीचा सेक्रेटरी. त्यानं ‘सदर फळ पूजेस आणू नये’ असा ठराव स्वतःच्या सहीनं फळ्यावर लावला. आणि घरात, वैनींच्या समोर, भावाभावांत बोली ठरली. मुरूम कसायला अण्णांकडं असला तरी कागदावर अजून सामाईकच होता. तीन पिकं बघायची. तिसरंही कंपनीनं नाकारलं, तर येणाऱ्या पाडव्याला ट्रॅक्टर घालून बाग उपटायची, वरनं तळ्याचा गाळ टाकायचा आणि ऊस लावायचा. म्हणजे मुरूम मुरूमच राहणार नव्हता.

पहिल्या वर्षी गारा पडल्या. दुसऱ्या वर्षी घडांना रंग आला नाही. आता दोन हजार आठचा मार्च, तिसरं पीक, आणि पाडवा पंधरा दिवसांवर.

कंपनीचा माणूस म्हणजे बुद्धभूषण कांबळे. कागलचा, शेतकी पदवीधर, वय सत्तावीस, बोलणं मऊ, नियम कडक. त्याच्याकडं साखर मोजायची एक नळी होती. मण्याचा रस तिच्या काचेवर टाकायचा आणि डोळ्याला लावून उजेडाकडं बघायचं. सगळे तिला दुर्बीण म्हणत. सोमवारी त्यानं दुर्बिणीतनं बघितलं आणि म्हणाला, ‘‘बावीस पूर्णांक तीन. तेवीस पाहिजे, अण्णा. चार दिवस ऊन खाऊ द्या. शनिवारी दुपारी येतो. माल असाच राहिला तर तुमची शिराझ मी कुणात मिसळू देणार न्हाय. वेगळ्या लाकडी पिपात ठेवायला सांगतो.’’

वेगळं पीप! त्या मुरमाला कुणी कधी वेगळं पोतं दिलं नव्हतं. शिराझ हे त्या काळ्या द्राक्षाच्या जातीचं नाव. अण्णा ते नाव लेकीच्या सासरच्या आडनावासारखं जरा दबकतच घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी वैनींना ते तीनदा ऐकवलं.

बुधवारी चार वाजता पन्हाळ्याच्या अंगानं आभाळ आलं आणि पाऊण तास असा पाऊस झाला, की जुलैला लाज वाटावी.

गुरुवारी लख्ख ऊन पडलं, ते आणखी वाईट. चार महिने तहानेनं तडफडलेल्या वेलींनी रात्रीत पोटभर पाणी ओढलं होतं. मणी फुगले आणि टिचले. उन्हं वर येईपर्यंत बागेला आंबूस, शिरक्याचा वास येऊ लागला, आणि त्या वासामागनं चिलटं आली. अण्णांनी कंपनीला फोन लावला.

‘‘बुद्धभूषण, औषध मारू?’’

‘‘अजिबात न्हाय! काढणीला आलेल्या मालावर थेंबसुद्धा चालत न्हाय. टिचलेला प्रत्येक मणी कात्रीनं काढा. एक कुजका मणी अख्खा घड नासवतोय. हवा खेळू द्या.’’

‘‘कवापर्यंत काढायचं?’’

‘‘काल,’’ बुद्धभूषण म्हणाला. मग आवाज उतरला. ‘‘अण्णा, तुमच्या खालच्या अंगाच्या, दुसऱ्यांच्या तीन बागा मी आज सकाळी सोडून दिल्या. शनिवारी येतोच. पर कूज दिसली तर माझ्या हातात काय न्हाय.’’

हवा खेळवायला दुपारी अण्णांनी घरातला टेबलफॅन आणला. विहिरीच्या पेटीपासनं साठ फूट वायर ओढली, फॅन बांधावर स्टुलावर ठेवला आणि चालू केला. पंख्याचं तोंड या वेलीकडनं त्या वेलीकडं वळू लागलं, जसं काही घरात पाव्हणं बसलेत. सात मिनिटांनी लोडशेडिंग सुरू झालं. अण्णा खांद्यावरचा टॉवेल काढून घडांना वारा घालू लागले. एकोणसाठ वर्षांचा माणूस, बेचाळीस ओळी, एक टॉवेल. पाचव्या ओळीला हात खाली आला.

सोनूबाई कांबळे आपली अकरा बायांची टोळी घेऊन सकाळपासनं कात्री चालवत होती. बुद्धभूषणशी नातं आडनावापुरतं, काळीसावळी, साठीची, नजर घारीसारखी. ती ओळीच्या पलीकडनं म्हणाली, ‘‘अण्णा, टावेल आवरा. वारं येईना, नुसती चिलटं शेजारच्या वेलीवर बदली होऊन चाललीत.’’

‘‘किती झाल्या ओळी?’’

‘‘साडेचार. उद्या दुपारपातूर आणि तेवढ्याच धरा.’’

‘‘आणि बाया आण की गं.’’

‘‘कुठनं आणू? निम्म्या उसाच्या फडात, निम्म्या तुमच्यासारख्याच दुसऱ्या रडणाऱ्यांच्या बागेत. माझी नात अक्षता कॉलेज बुडवून आलीया. आता घरात फकस्त शेरडी उरलीया, तिला आणली तर ती मणी न्हाय, घडच काढंल.’’

हिशेब सरळ होता. शुक्रवारी दुपारी नऊ ओळी स्वच्छ होत्या आणि तेहतीस राहिल्या होत्या. शनिवारी दुपारी दुर्बीण येणार. अण्णा बांधावर बसले. त्यांना कळलं की आपण मनातल्या मनात गाळाच्या ट्रॉल्या मोजतोय.

विजयमालावैनी माळ चढून आल्या त्या रिकाम्या हातानं. डबा नव्हता.

‘‘आजबी न्हाय झालं,’’ त्या म्हणाल्या.

गावात दिगंबर मुनिमहाराज आले होते. महाराज दिवसातनं एकदाच, सकाळी आहाराला निघतात, आणि निघताना मनात एक खूण धरतात. ती ज्याच्या दारात दिसली तिथंच आहार घ्यायचा. नाही दिसली तर उपास. खूण कुणाला सांगायची नाही, कुणी विचारायची नाही. त्यामुळं गल्लीतली सगळी घरं सोवळ्यात, हात जोडून, काही ना काही फळ घेऊन उंबऱ्यासमोर उभी राहतात. गुरुवारी महाराज सगळ्या गल्लीतनं गेले आणि तसेच परत आले. शुक्रवारीही तेच. दोन दिवस त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि ते उपाशी असताना गल्लीतल्या निम्म्या बायकांनी चूल पेटवली नव्हती. वैनी त्या निम्म्यांत होत्या.

‘‘तूबी कायच खाल्लं न्हाईस?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘तुमी तरी कुठं खाल्लंय?’’

एवढ्यात खालनं अभिनंदन येताना दिसला. पांढरं धोतर, कपाळाला गंध, पायात चप्पल नाही, आणि मुरूम टोचत असल्यानं चाल बगळ्यासारखी. गेल्या तीन वर्षांत त्यानं बागेत पाऊल टाकलं नव्हतं.

‘‘अण्णा, द्राक्षं पायजेत.’’

सोनूबाईची कात्री थांबली.

‘‘कसली?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘कसली म्हंजे? द्राक्षं! नारळ झाला, केळी झाली, सफरचंद झालं, डाळिंब झालं, चिक्कू झाला. दाण्याचा लाडू धरला, चांदीचा कलश धरला. उपाध्यांच्या सुनेनं घाबरून भोपळासुद्धा धरला. महाराज न्हाय थांबले. आता उरलं काय? द्राक्षं! वडगावच्या बाजारात गेलतो, पावसानं सगळा माल नासलाय. घरटी एक घड पायजे. एकसष्ट घरं.’’

‘‘तुझ्या ठरावाचं काय?’’

‘‘तो देवळापुरता. हे दारात धरायचं.’’ सेक्रेटरी लोकांकडं अशी उत्तरं तयार असतात.

नाही म्हणणं शक्यच नव्हतं. दोन दिवस उपाशी असलेला साधू, त्यात बायको समोर उभी. पण हो म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर एकसष्ट घरं आली. एकसष्ट घरांतल्या बायका आल्या. या बायका तांदळाचा दाणा दाणा उजेडात धरून निवडतात. भाजीच्या पानामागं टाचणीच्या टोकाएवढा जीव असला तरी यांना तो आधी दिसतो, मग पान दिसतं. पन्नास-पन्नास वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? या तालुक्यात कुजका मणी शोधायला यांच्यापेक्षा तरबेज डोळे नव्हते, आणि ते आज स्वयंपाक नसल्यानं मोकळे होते.

‘‘देतो,’’ अण्णा म्हणाले. ‘‘एक काय, वरच्या ओळीतला निवडून देतो. पर घरटी एक बाई आत्ता इथं पाठव. मणी निवडायला. सूर्य मावळंपातूर.’’

अभिनंदनचा चेहरा उतरला. ‘‘दारूच्या द्राक्षांस्नी? समाजाच्या बायका?’’

‘‘निवडायच्यात, प्यायच्या न्हाईत.’’

‘‘अण्णा, ह्यो सौदा झाला.’’

‘‘झाला,’’ अण्णा म्हणाले. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदा सौदा केला होता, आणि तो महाराजांच्या आहाराच्या आडून केला याची लाज त्यांच्या कानापर्यंत चढली होती. वैनी त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग अभिनंदनकडं वळून म्हणाल्या, ‘‘भावजी, मी जाते सांगायला. तुमचं कोण ऐकायचं न्हाय.’’

तासाभरात माळावर जे चित्र दिसलं ते त्या गावानं आधी बघितलं नव्हतं आणि पुढंही बघायची शक्यता कमी आहे. सत्तरएक बायका पदर खोचून, काही काठी टेकत, वेलींच्या ओळींत उभ्या. कात्र्या कमी पडल्या म्हणून कुणी नखकटर आणलेला. सोनूबाई बांधावर चढली.

‘‘आयका! आज मुकादम मी हाय. घड खालनं धरायचा, पिरगाळायचा न्हाय. टिचलेला मणी देठासकट कापायचा आणि बुट्टीत टाकायचा. खाली टाकला तर चिलटं खालनं परत वर येत्यात. कळलं का?’’

उपाध्यांच्या म्हाताऱ्या आक्कांना उभ्या आयुष्यात सोनूबाईनं काही शिकवलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘‘आणि मण्यावर चिलट बसलं असलं तर? ते मरंल की गं कात्रीनं.’’

‘‘फुंकर मारा, आक्का. उडालं की कापा.’’

झालं. सबंध बागेत फुंकरा सुरू झाल्या. फूऽऽ, कच्. फूऽऽ, कच्. सोनूबाईच्या टोळीतल्या पोरींनी पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसून घेतलं. मग अर्ध्या तासानं सोनूबाई आक्कांनी निवडलेली वेल तपासायला गेली, तेव्हा तिला एकही टिचका मणी मिळाला नाही. तिनं घड फिरवून बघितला, आतल्या फटीत बोट घातलं, वास घेतला.

‘‘आगं बया,’’ ती म्हणाली. ‘‘ह्या बाया मला आधी मिळाल्या असत्या तर मी कंपनी काढली असती.’’

उन्हात, उपाशी पोटी चाललं होतं ते. दोघींना चक्कर आली. एकीनं विचारलं, ‘‘हे सगळं करून पाप कुणाला लागतंय?’’ आक्का म्हणाल्या, ‘‘अर्धं भूपालला, अर्धं पिणाऱ्याला. आपण फकस्त जीव वाचवाय आलोय.’’ आणि फुंकर मारली. अण्णा बुट्ट्या उचलत होते. कुणाकडं मान वर करून बघण्याची त्यांची हिंमत नव्हती. सूर्य टेकला तेव्हा चाळीस ओळी झाल्या होत्या. उरलेल्या दोन सोनूबाईनं सकाळी सहाला येऊन संपवल्या.

शनिवारी नऊ वाजता गल्लीत दारोदार काळीभोर शिराझ झळकत होती. तबकात अक्षता, वर घड, घडाला केशराचं बोट. अण्णा आणि वैनीही आपल्या उंबऱ्यासमोर उभे. ज्या फळाला देवळाची पायरी बंद होती त्यानं आज अख्खी गल्ली भरली होती. अण्णांनी तेही बघितलं नाही. त्यांचं मन माळावर होतं आणि डोळे मिटलेले होते.

महाराज आले. ‘‘नमोस्तु, नमोस्तु!’’ दारादारांतनं आवाज उठला. महाराज पहिल्या घरावरनं गेले. दहाव्या, तिसाव्या, अण्णांच्या घरावरनं गेले. साठ घड मागं पडले. शेवटचं घर अभिनंदनचं. घड वाटता वाटता सेक्रेटरीला स्वतःलाच उरला नव्हता. ऐन वेळी त्यानं रस्त्यावरच्या ट्रॉलीतनं एक ऊस ओढून घेतला होता, आणि तो बंदुकीसारखा खांद्याला लावून घामाघूम उभा होता.

महाराज थांबले.

उसाच्या गावात तीन दिवस ऊस धरायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. गल्ली रडली, हसली, जयजयकार झाला. वैनींनी डोळे पुसले. अण्णांनाही आनंद झाला. खरंच झाला. पण त्यांनी एकदा हातातल्या घडाकडं बघितलं. शेवटी ऊसच.

दुपारी बुद्धभूषण आला तेव्हा अभिनंदन त्याच्या आधी बांधावर हजर होता. चेहऱ्यावर तेज. अशा माणसाशी त्या दिवशी वाद घालता येत नाही. ‘‘परवा गाळ बघायला तळ्यावर जाऊ, अण्णा,’’ तो प्रेमानं म्हणाला. ते प्रेम अण्णांना जास्त लागलं.

बुद्धभूषणनं ओळीओळींतनं शंभर मणी तोडले, पिशवीत चेचले, काचेवर रस टाकला. दुर्बीण डोळ्याला लावली. काढली. काच पुसून पुन्हा लावली. अण्णा त्याच्या तोंडाकडं बघत होते. डॉक्टर असं दोनदा बघायला लागला की माणसं भिंतीला हात लावतात. इथं भिंत नव्हती.

‘‘बावीस,’’ बुद्धभूषण म्हणाला. ‘‘तेवीस न्हाय. पाणी चढलंय, अण्णा. आता उतरायला आठवडा लागंल, आणि तेवढं हवामान न्हाय.’’

अण्णा खाली बसले. मुरमावरच बसले. हातात मूठभर खडे आले ते त्यांनी धरून ठेवले.

बुद्धभूषण मात्र घड बघत होता. एक, दुसरा, दहावा. ‘‘कूज कुठाय?’’ त्यानं विचारलं. ‘‘आठवड्यात अकरा बागा बघितल्या मी. असा माल कुठंच न्हाय. कुणी केलं हे?’’

‘‘बायकांनी,’’ अण्णा म्हणाले.

‘‘कुठल्या टोळीच्या?’’

‘‘जैन गल्लीच्या.’’

बुद्धभूषणनं हातातला घड सोडला. मग मोबाइल वर धरून माळाच्या टोकाला गेला, कारण रेंज तिथंच यायची. वीस मिनिटं तो हातवारे करत तिथं उभा होता. खालनं ऐकू काही येत नव्हतं. वैनी अण्णांच्या शेजारी येऊन बसल्या. सोनूबाई बसली नाही.

तो परत आला. ‘‘लाल वाइन होणार न्हाय याची. पीप वगैरे विसरा. गुलाबी वाइनला बावीस चालतंय, आणि कंपनीकडं स्वच्छ माल कमी पडलाय. दुसऱ्यांच्यात मिसळून गुलाबी करतील. गाडी पहाटे पाचला.’’

‘‘मिसळून,’’ अण्णा म्हणाले.

‘‘व्हय, अण्णा.’’

अभिनंदननं घसा साफ केला. ‘‘म्हंजे घेतली म्हणायची की न्हाय? ठरलं होतं तसं...’’

‘‘गाडी येणार म्हंजे घेतली,’’ वैनी म्हणाल्या. ‘‘आणि भावजी, आज तुमच्या दारात महाराज जेवलेत. आजच्या दिवशी कुणाचं उपटायचं बोलू नका.’’

अभिनंदननं एकदा बागेकडं आणि एकदा स्वतःच्या अनवाणी पायांकडं बघितलं. ‘‘न्हाय बोलत,’’ तो म्हणाला, आणि बगळ्याच्या चालीनं उतरू लागला.

त्याच वाटेनं बायका वर येत होत्या. हातात तबकं, तबकांत घड. महाराजांनी घेतले नाहीत. आणि दारूची द्राक्षं घरात ठेवायची कशी, म्हणून परत आणली होती. आक्का पुढं होत्या. ‘‘भूपाल, घे बाबा तुझं तुला. आमच्याकडनं मोडतोड न्हाय.’’

बुद्धभूषणनं केशर लावलेला घड दोन बोटांनी उचलला, अक्षता झाडल्या आणि हताशपणे अण्णांकडं बघितलं. ‘‘हे क्रेटमधी चालणार न्हाय. कंपनी विचारंल हे काय हाय.’’

‘‘मला द्या,’’ सोनूबाई म्हणाली. तिनं पदर पसरला, मग घड फार झाले म्हणून बुट्टी घेतली. ‘‘पोरी दोन दिवस वास घेत्यात नुसता.’’ बुट्टी नातीच्या डोक्यावर देताना ती अण्णांकडं वळली. ‘‘पुढच्या सालीबी हाय न्हवं बाग? मला आधी सांगा. ह्या बायांस्नी मी आत्ताच बोलून ठेवते.’’

अण्णांनी मुठीतले खडे खाली टाकले. पुढचं साल म्हणजे पुन्हा छाटणी, पुन्हा गारा, पुन्हा रंग, पुन्हा तेवीस.

‘‘हाय की,’’ ते म्हणाले. दवाखान्यातनं पेशंटला घरी न्यायला हरकत नाही असं सांगितल्यावर नातेवाईक ज्या आवाजात ‘बरं’ म्हणतात, तोच हा आवाज होता.